केरबा सासूचे नवस फेडतो

गाव बोरखडी. गावात भोळी माणसं पुष्कळ होती, पण ती कामापुरती भोळी. पूर्णवेळ भोळा असा एकच, केरबा.

केरबाला कुणी काही सांगितलं की तो तेच करी. बाकीचे लोक सांगितलेलं ऐकून घेतात आणि आपल्याला हवं ते करतात, म्हणून त्यांचं बरं चालतं. केरबाला ही सवय नव्हती.

एकदा त्याची बायको शेवंता बाजाराला निघाली. म्हैस व्यायला आली होती. शेवंता केरबाला सांगून गेली की डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. केरबानं दोन्ही डोळ्यांत करडईचं तेल घातलं आणि गोठ्यासमोर बसला. म्हैस दावं तोडून त्याच्यासमोरून निघून गेली आणि सरपंचाच्या मेथीत जाऊन व्याली. केरबा दिवस मावळेपर्यंत रिकाम्या गोठ्यावर लक्ष ठेवून होता.

त्याच आठवड्यात शेवंता माहेरी गेली. जाताना म्हणाली, "माझी वाट बघू नका."

तेव्हापासून केरबा ओसरीवर रस्त्याकडे पाठ करून बसे. मान दुखली तरी वळत नसे. भाकरी त्याला येत नव्हती, तो पिठात पाणी कालवून पीत होता. महिनाभरानं ते पिऊन पिऊन तो कंटाळला आणि सासुरवाडीला गेला.

शेवंता ही त्याच्या मामाचीच मुलगी, त्यामुळे सासूला तो मामी म्हणे. धुरपदामामी म्हणजे कडक बाई. नुकतंच त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डोळ्यांवर मोठा काळा चष्मा होता. ऑपरेशन नीट व्हावं म्हणून त्यांनी चार ठिकाणी नवस बोलले होते. डोळ्यांचं काम कोणत्या देवाकडे असतं हे नक्की कुणाला माहीत नव्हतं, म्हणून चार. ऑपरेशन तालुक्याच्या डॉक्टरांनी केलं, पण त्यांना कुणी साधा नारळही दिला नाही.

आता हे चार नवस फेडायचे होते. मामांचे गुडघे धरले होते. घरात दुसरं कुणी मोकळं नव्हतं. मामींनी काळ्या चष्म्यातून केरबाकडे बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की माझ्याबरोबर चला. चारही ठिकाणं घोटाळा न करता पार पाडलीत, तर शेवंताला तुमच्याबरोबर पाठवते. पाठवते म्हणजे पाठवते, धुरपदाचा शब्द आहे.

केरबानं दाराआड बघितलं. शेवंता तिथं उभी होती. महिनाभरात वाळलेली त्याची मान बघून तिनं पदर डोळ्याला लावला. केरबाला वाटलं, हिच्याही डोळ्याचं काही तरी आहे, पाचवा नवस बोलायला हवा.

दस्तगीर ड्रायव्हरची जीप ठरली. सकाळी तिघं निघाले.

पहिलं ठिकाण घड्याळ म्हसोबा. माळावर एक लिंबाचं झाड आणि झाडाला पाच-सहाशे घड्याळं टांगलेली. ज्याची वेळ वाईट चालली असेल त्यानं आपलं घड्याळ आणून इथं वाहायचं, म्हणजे वाईट वेळ म्हसोबाकडे राहते आणि माणूस मोकळा होतो. सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत होती, त्यामुळे त्या माळावर कुणालाही कधीच उशीर होत नसे. गावच्या शाळेचे मास्तर म्हणे मुद्दाम त्या वाटेनं शाळेत जात.

झाडापर्यंतची वाट खडकाळ होती. मामींना डोळ्यामुळे जपून चालायला सांगितलेलं. म्हणून त्यांनी केरबाला सगळं समजावून दिलं. पिशवीत घड्याळ आहे. पिशवी घ्या, म्हसोबापुढं ठेवा, हात जोडा आणि मागं वळून न बघता सरळ या. मागं बघितलं तर वाईट वेळ पाठीमागं येते.

केरबानं पिशवी घेतली. म्हसोबापुढं ठेवली. हात जोडले. मागं वळून न बघता सरळ आला. इतकं बिनचूक काम त्याच्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

चार मैलांवर मामींना डोळ्यात औषध घालायची वेळ झाली, तेव्हा त्यांनी पिशवी मागितली.

"ती देवापुढं ठेवली," केरबा म्हणाला.

पिशवीत घड्याळाखाली औषध होतं, भाकरी होत्या, लोणचं होतं आणि नेसायचं नवं लुगडं होतं. जीप परत फिरली. म्हसोबाचा पुजारी झाडाखाली लोणच्याची फोड चोखत बसला होता. त्यानं सांगितलं की देवापुढं ठेवलेलं परत मागता येत नाही, मात्र देवानं आपल्याला हवं तेवढं ठेवून घेतलं आहे आणि बाकीचं प्रसाद म्हणून नेता येईल. देवाला भाकरी हव्या होत्या, लोणचं हवं होतं आणि घड्याळ हवं होतं. लुगडं आणि डोळ्याचं औषध देवाच्या उपयोगाचं नव्हतं.

जीपमध्ये बसल्यावर मामींनी केरबाला समजावलं. त्या जावयावर रागावल्या तरी मान देऊनच रागावत.

"जावईबापू, पहिलाच घोटाळा आहे, हा मी धरत नाही. पण ध्यानात ठेवा. देवापुढं काहीही ठेवलंत तरी येताना जे नेलं ते हातात घेऊन यायचं."

केरबानं मान हलवली. हे सोपं होतं.

दुसरं ठिकाण विडीबाबा. रस्त्याच्या कडेला वडाखाली बाबाचं ठाणं होतं. बाबा हयातभर विडी ओढत बसले आणि खोकून खोकून समाधिस्थ झाले, असं तिथल्या पाटीवरच लिहिलेलं होतं. आता ज्याला खोकला असेल तो इथं पेटती विडी वाहतो आणि त्याचा खोकला जातो. मामींना खोकला नव्हता. पण बाबांच्या धुरानं आसपासच्या लोकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणजे बाबांचा डोळ्यांशी संबंध होताच, असं त्यांचं म्हणणं. ठाण्याच्या भिंतीवर दुसरी पाटी होती, येथे धूम्रपान करण्यास सक्त मनाई आहे. तिच्याखाली शे-दीडशे विड्या धुमसत होत्या.

इथं धूर डोळ्यांना नको म्हणून मामी पुन्हा जीपमध्येच थांबल्या. केरबानं विडी पेटवली. बाबांपुढं ठेवली. हात जोडले. मग सांगितलं होतं तसं, जे नेलं होतं ते हातात घेऊन परत आला. विडी हातात धरून बसणं बरं दिसेना, म्हणून त्यानं ती जपून मामींच्या पिशवीत ठेवली.

जीप निघाली. थोड्या वेळानं मामींना विडीचा वास आला. त्यांनी हात जोडले. दस्तगीरला म्हणाल्या की बाबा आपल्याबरोबर आलेत. दस्तगीरनंही वास घेतला आणि मान डोलावली. दोन मैल बाबा बरोबर होते. तिसऱ्या मैलाला मामींच्या मांडीला चटका बसला.

पिशवीतल्या नव्या लुगड्याला भाकरीएवढं भोक पडलं होतं. कडा अजून लाल होती. केरबा ते बघत बसला होता, कारण पुढं काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. दस्तगीरनं गाडी थांबवून बाटलीतलं पाणी ओतलं.

मामींनी भोकातून केरबाकडे पाहिलं. भोकातून तो पूर्ण दिसत होता.

त्या म्हणाल्या की हा घोटाळा अर्धा धरते, कारण अर्धं लुगडं शिल्लक आहे. आणि इथून पुढं पेटतं काही दिसलं की बघत बसायचं नाही. विचार करायचा नाही. आधी पाणी ओतायचं.

केरबाला हे पटलं. विचार न करण्याचं काम त्याला नेहमीच जमत असे.

तिसरं ठिकाण अखंड ज्योतीचा मठ. इथं तीनशे बारा वर्षं एक ज्योत न विझता तेवत होती. पाटी जुनी होती. मामी लहानपणी आल्या होत्या तेव्हाही ज्योत तीनशे बारा वर्षांचीच होती. वादळात विझली नाही, पुरात विझली नाही, अशी सगळी हकिगत एका जाड व्यवस्थापकानं भाविकांना पाठ म्हणून दाखवली. भाविक ऐकून गहिवरले आणि प्रसादाच्या खोलीकडे गेले. मामीही गेल्या. गाभाऱ्यात केरबा राहिला आणि ज्योत राहिली.

ज्योत पेटलेली होती. शेजारी तांब्या होता, तीर्थानं भरलेला. केरबानं विचार केला नाही.

चुर्र असा आवाज झाला आणि तीनशे बारा वर्षं संपली.

व्यवस्थापक आवाज ऐकून आत आला. त्यानं ज्योतीकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं. मग दार ओढून घेतलं, कमरेचा लायटर काढला, वात पिळली, नवं तेल घातलं आणि ज्योत लावली. हात अगदी सराईत होता.

"कुणी पाहिलं?" त्यानं विचारलं.

"मी," केरबा म्हणाला.

"तू सोडून."

केरबानं सगळीकडे बघितलं आणि कुणी नाही असं सांगितलं. व्यवस्थापकानं लायटर कमरेला खोचला, बाहेर जाऊन मामींना चौपट प्रसाद दिला आणि आपल्या जावयाला पुन्हा कधीही आणू नका, असं नम्रपणे कानात सांगितलं.

मामींनी जीपमध्ये केरबाकडून सगळं काढून घेतलं. ऐकता ऐकता त्यांच्या हातातला लाडू फुटला. मग त्या म्हणाल्या की हा घोटाळा पूर्ण धरला, म्हणजे दीड झाले. आता एकच नवस उरलाय. तिथं पोचेपर्यंत आणि पोचल्यावर कशालाही हात लावायचा नाही. तोंडातून शब्द काढायचा नाही. समोर काहीही होऊ दे, हाताची घडी घालून नुसतं बघायचं.

केरबानं हाताची घडी घातली.

वाटेत चढ लागला. देवस्थान नव्हतं ते, पण दस्तगीर म्हणाला, मावशी, इथं आलाच आहात तर हे बघूनच जा. त्या चढावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की आपोआप वर चढते. कुणी म्हणत, डोंगरात लोहचुंबक आहे. कुणी म्हणत, पलीकडच्या टेकडीवरची देवी ओढून घेते. खरं म्हणजे तो उतारच होता, चढासारखा दिसणारा. पण उतार बघायला कोण गाडी थांबवतं? चहावाल्यानं पाटी लावली होती, येथे गाडी आपोआप चढते, चहा मिळेल.

दस्तगीरनं गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि मोबाइलवर शूटिंग घ्यायला खाली उतरला. उतरताना पुढं बसलेल्या केरबाला सांगून गेला की वेग फार वाढला तर हा ब्रेकचा दांडा ओढा.

जीप हलली. चहावाल्याकडची माणसं टाळ्या वाजवायला लागली. जीप आपोआप चढाला लागली आणि मामींनी देवीला हात जोडले. मग वेग वाढला. केरबानं दांड्याकडे पाहिलं. दांडा तिथंच होता. पण हाताची घडी होती, आणि कशालाही हात लावायचा नव्हता. मागून मामी ओरडत होत्या की दांडा ओढा. केरबाला सांगावंसं वाटलं की तुम्हीच नको म्हणालात, पण तोंडातून शब्द काढायचा नव्हता.

जीप चहाची टपरी ओलांडून, रस्ता सोडून, उसाच्या पाटातल्या चिखलात शिरली आणि बसली. मामी पुढच्या आणि मागच्या सीटच्या मध्ये अडकल्या, डोकं खाली, पाय खिडकीत. केरबा आपल्या बाजूनं उतरला, बांधावर गेला आणि हाताची घडी घालून बघत उभा राहिला. मामींनी त्याला नावानं हाका मारल्या. तो बघत राहिला. शेवटी दस्तगीर धावत आला आणि टपरीवरची चार माणसं आली, तेव्हा त्यांना ओढून बाहेर काढलं, मग जीपलाही. त्यातला एकजण दुसऱ्याला म्हणत होता की बघितलंस, चढ किती जोरात ओढतो.

मामींनी चष्म्यावरचा चिखल पदरानं पुसला. तो पसरला फक्त.

"जावईबापू, माणूस अडकलेला दिसला तर घडी घालून बघायचं असतं का? कुणाला विचारत बसायचं नाही, आधी त्याला बाहेर काढायचं. आता अडीच झाले. शेवटचा नवस नीट झाला, तर हे अडीचही मी विसरते आणि शेवंताला उद्या पाठवते. शब्द दिलाय, तो फिरवायची नाही. पण तिथं चुकलात तर परत तोंड दाखवू नका."

केरबाला रडू आलं. उद्या घरी भाकरी होईल, चूल पेटेल, रस्त्याकडे तोंड करून बसता येईल. आता चुकायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं ठरवलं.

चौथं ठिकाण भूमिगत महाराज. हे महाराज एकवीस दिवस स्वतःला गळ्यापर्यंत जमिनीत पुरून घेत. आज नववा दिवस होता. नुसतं डोकं जमिनीच्या वर, त्यावर जटा, चेहऱ्याला जाड राख. जो काही मागेल त्याला ते तथास्तु म्हणत आणि तसं होई, अशी ख्याती. मोठा मांडव घातला होता. हायवेवरून जाणाऱ्या गाड्याही थांबत, कारण शेजारी स्वच्छतागृहाची सोय होती.

ते पोचले तेव्हा दुपारचं दर्शन बंद होतं आणि पडदा ओढलेला होता. मामी बायकांच्या रांगेत सावलीला बसल्या. चिखलानं लडबडलेल्या असल्यानं आजूबाजूच्या बायका त्यांना मोठी तपस्विनी समजून पाया पडत होत्या. त्यांनी केरबाला पाणी आणायला पाठवलं.

पाणी मागच्या बाजूला होतं. केरबा तिकडून येताना पडद्याच्या आत गेला. आत दुसरं कुणी नव्हतं, शिष्य जेवायला बसले होते. जमिनीतून एका माणसाचं डोकं वर आलेलं दिसलं. बाकीचा माणूस अडकला होता.

केरबानं कुणाला विचारलं नाही. पाण्याची बाटली खाली ठेवली, मानेभोवतीची माती उकरली. मातीखाली फळ्या लागल्या. त्या त्यानं उचकटल्या. खाली चांगला ऐसपैस खड्डा होता. खड्ड्यात प्लॅस्टिकची खुर्ची, छोटा पंखा आणि अर्धी खाल्लेली काकडी होती. खुर्चीवर महाराज हाफ पॅंट घालून बसले होते. केरबानं त्यांना काखेत धरून वर ओढलं.

महाराज रागावले नाहीत. नऊ दिवसांत त्यांना कुणीही असं बाहेर काढलं नव्हतं. त्यांनी पाय झाडले, पोटऱ्या चोळल्या, डोक्यावरच्या जटा काढून केरबाच्या हातात दिल्या आणि घाईघाईनं मांडवामागच्या उसात गेले. पलीकडे हायवे होता. थोड्या वेळानं एक ट्रक थांबल्याचा आणि निघाल्याचा आवाज आला. महाराज परत आले नाहीत.

मुख्य शिष्य ढेकर देत आत आला. त्यानं रिकामा खड्डा बघितला. बाहेर घंटा वाजली, दर्शन सुरू व्हायला पाच मिनिटं होती आणि मांडव भरला होता. शिष्य हुशार होता. त्यानं केरबाच्या हातातल्या जटा बघितल्या, मग केरबाचं डोकं बघितलं. माप बरोबर होतं.

त्यानं केरबाला सांगितलं की महाराजांना तू काढलंस, आता त्यांची जागा तू भरून काढ. केरबाला यात काही चूक दिसली नाही. तो खुर्चीवर बसला. शिष्यानं फळ्या लावल्या, माती ओढली, चेहऱ्याला राख फासली, जटा चढवल्या. मग कानाशी वाकून बजावलं.

"डोळे मिटून बसायचं. कुणी काहीही मागू दे, तथास्तु म्हणायचं. दुसरा शब्द काढलास तर बघ."

पडदा सरकला. एकानं विहिरीला पाणी मागितलं. केरबा तथास्तु म्हणाला. एकानं मागितलं की शेजाऱ्याची विहीर आटावी, तो पहिल्याचाच शेजारी होता. केरबा तथास्तु म्हणाला. कामात चूक होत नव्हती. शिष्यानं निर्धास्तपणे चेहऱ्यावरचा घाम पुसला आणि केरबाला मनातून बरं वाटलं. शेवटचं ठिकाण नीट पार पडत होतं.

मग ओळखीचा आवाज आला. केरबानं एक डोळा किलकिला केला. मामी समोर गुडघे टेकून बसल्या होत्या. चिखलानं भरलेल्या काळ्या चष्म्यातून त्यांना एक राखेचा गोळा दिसत होता, त्याला त्यांनी मनोभावे नमस्कार केला. नारळ ठेवला. आधी डोळ्याचा नवस फेडला. मग इकडंतिकडं बघून खाली वाकल्या आणि हळू आवाजात बोलल्या.

"महाराज, एक नवं मागणं आहे. मला एक जावई आहे. लेकीला त्याच्याकडे पाठवते असा शब्द देऊन बसलेय, आणि शब्द काही मला मोडता येत नाही. तेव्हा तुम्हीच काही तरी करा. तो माणूस असा नाहीसा करा की पुन्हा माझ्या दृष्टीला पडू नये, आणि माझ्या लेकीला दुसरं चांगलं स्थळ मिळू दे."

केरबाला हे ऐकून कसंतरी झालं. त्याला बरंच बोलायचं होतं. मामी, मी इथंच आहे, असं सांगायचं होतं. शेवंताला विचारून तरी बघा, असंही म्हणायचं होतं. पण दुसरा शब्द काढायचा नव्हता, आणि या ठिकाणी चुकलं तर शेवंता मिळणार नव्हती. त्यानं डोळे घट्ट मिटले.

"तथास्तु," केरबा म्हणाला.

मामी समाधानानं उठल्या. मांडवातून बाहेर येऊन जीपपाशी गेल्या. दस्तगीरनं विचारलं की जावईबापू कुठं राहिले. मामींनी पाण्याच्या बाजूला बघितलं, रांगेत बघितलं, मांडवाच्या मागं बघितलं. केरबा कुठंही नव्हता. त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले.

"फार जागृत स्थान आहे," त्या म्हणाल्या. "काढ गाडी."